सहावा तांब्या

गाव सोडलं त्या दिवसाचं सांगायचं, तर सकाळच्या अंघोळीपासून सांगावं लागेल. वैशाख होता. येरमाळ्याहून दहाची पुण्याची एसटी धरायची होती. आयटीआय झालेलं, भोसरीत एका कारखान्यात काम लागलेलं. परसातल्या न्हाणीत, म्हणजे तीन बाजूंना गोणपाट आणि मधे एक धोंडा, मी बादली घेऊन बसलो. गोणपाटापलीकडं अण्णा, माझे वडील, नेहमीसारखे चऱ्हाट वळत होते. मी पाच तांबे अंगावर घेतले आणि थांबलो. आवाज आला नाही. सहावा घेतला. तरी नाही.

आवाज कसला, ते सांगायला हवं. आमच्या घरात पाण्याचे ऋतू अण्णांच्या तोंडून कळायचे. पावसाळ्यात ते गप्प असत. पत्र्याखाली मायनं घमेली, पातेली, सापडेल ते मांडलेलं असे आणि धुतलेला कपडा पुन्हा धुतला तरी कोणी विचारत नसे. थंडीत हापशाला पाणी असे, पण ते तापवायला तुराट्या लागत, म्हणून पाणीही बेतानंच लागे. शिवाय आम्ही पोरं अंघोळीला इतकी भीत असू की, धरून बसवावं लागे. होळी झाली की हापसा खडखडायला लागे आणि अण्णा मोजायला लागत. माणशी पाच तांबे. दोरीवरची नजर न काढता, नुसत्या पाण्याच्या आवाजावरून ते म्हणत, "पाच झाले." अंगावर साबण असो नसो, उठायचं. धोंड्यापाशी घमेल्यात साठलेल्या त्याच पाण्यात शेण कालवून माय अंगण सारवायची.

पाहुण्यांचे तांबे मात्र अण्णा मोजत नसत. आणि आमच्याकडं पाहुणे यायचे नेमके येडाईच्या यात्रेला, चैत्रात, पाण्याची बोंब असताना. पाहुण्याला भरलेली बादली. तो धबाधबा ओतून घ्यायचा, अण्णा दोरी वळत गप्प, आणि पुढचे दोन दिवस आम्ही सगळे पारोसे. मला पाहुण्यांचा असा राग यायचा की, एकदा आत्याच्या यजमानांच्या बादलीत मी मूठभर माती टाकली. अण्णांनी धू धू धुतला मला. म्हणाले, "पाव्हणा हाय त्यो. घरचा हाय व्हय, मोजायला?"

तर त्या सकाळी मी चौदा तांबे घेतले. प्रत्येकानंतर थांबलो. वाटलं, अण्णा शेताकडं गेले असतील. बादलीचा तळ लागला तसा बाहेर आलो, तर ते तिथंच होते. दोरी हातात, पीळ सुटलेला. माझ्याकडं बघून म्हणाले, "झाली का नीट अंघोळ?" हे ते पाहुण्यांना विचारायचे. एसटीत मला खिडकीची जागा मिळाली होती, पण बार्शी येईपर्यंत मी बाहेर पाहिलं नाही.

पुण्यात आता वीस वर्षं होऊन गेली. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, नळाला चोवीस तास पाणी आहे. शॉवर तेवढा मी लावू दिला नाही. बायको कोल्हापूरची, नदीकाठची. बादलीचा तळ दिसला की पुन्हा नळ सोडायचा, एवढंच तिला ठाऊक. माझा हात अजून पाचव्या तांब्याशी थांबतो. दाराबाहेर कोणीतरी बसलंय असं वाटतं. दोरी घासल्याचा आवाजही येतो. कान देऊन ऐकलं की कळतं, खालचा पंप चालू आहे. बायको बाहेरून विचारते, "आत कोणाशी बोलता हो?" मी म्हणतो, कोणाशी नाही. खरं म्हणजे मी मोजत असतो, आणि आकडा दुसऱ्या कोणीतरी म्हणावा म्हणून थांबलेला असतो.

लेकीला मागं शाळेत लिहायला दिलं होतं, घरातला पाणीवापर ऋतूंप्रमाणे का बदलतो. तिनं लिहिलं, उन्हाळ्यात उकडतं, दोनदा अंघोळ होते, कूलर भरावा लागतो, म्हणून पाणी जास्त लागतं. मी म्हणालो, आमच्या घरी उन्हाळ्यातच कमी वापरायचे. ती हसायला लागली. "कमी कसं लागेल, बाबा?" लागायचं जास्तच गं, असायचं कमी, मी म्हणालो. तिनं ते लिहिलं नाही. बाईंनी चूक दिली असती म्हणे.

दर उन्हाळ्यात गावी गेलो की न्हाणीत भरलेली बादली तयार असायची. माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांना ही बादली माहीत आहे. कोणाच्या घरी बादलीऐवजी वेगळं ताट असेल, नवी चादर असेल. एकदा धीर करून म्हणालो, "अण्णा, माझेबी मोजा की." ते हसले. "तू कुठं रोज हाईस हितं?" त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

अण्णा गेले ते श्रावणात. पाऊस आठवडाभर मुक्कामाला होता, घरात पाणी मायंदाळ. त्यांना शेवटचं न्हाऊ घालताना मी तांब्या घेतला आणि ओतत गेलो. पाचव्याला हात थांबला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. कोणीतरी म्हणालं, "घाल की रं, पानी हाय." तेव्हापासून दोरी घासल्याचा तो आवाज पुण्यात रोज यायला लागला.

गेल्या वैशाखात माय अंगणात घसरली. उजवा हात प्लास्टरमध्ये. मी महिन्याची रजा टाकून एकटाच गेलो. दारात आता नळ आहे, उन्हाळ्यात तो नुसती हवा सोडतो. टँकर एक दिवसाआड. मी रांगेत उभा राहिलो, भांडलो, घागरी वाहिल्या. सुरुवातीला निम्मी घागर अंगावर सांडायची आणि बाया हसायच्या, "पुन्याचा हाय, सांडनारच." तरी मायचा रोज तोच हट्ट. "चार दिसांला आलायस, भरून घे बादली."

तिसऱ्या आठवड्यात टँकरच्या दोन पाळ्या चुकल्या. ड्रममध्ये वीतभर पाणी. त्या सकाळी मी बादली भरून घ्यावी की नाही, यावर माय काहीच बोलली नाही. मी अर्धी घेतली. ती गोणपाटापलीकडं, अण्णांच्या जागेवर, हात गळ्यात अडकवून बसली होती. मी अंग ओलं केलं, साबण लावला, ओतत गेलो. सवयीनं पाचव्याला थांबलो. मग सहावा भरला.

"पाच झाले," माय म्हणाली. "बास कर आता. भांडी पडल्यात तशीच."

आवाजात माया नव्हती. वैताग होता, रोजच्या माणसावर असतो तसा. वीस वर्षांत मला असं कोणी बोललं नव्हतं, आणि याच्यासाठीच मी इतकी वर्षं त्या घरी जात होतो हे मला तेव्हा कळलं.

"व्हय, माय," मी म्हणालो. भरलेला सहावा तांब्या मी हळूच बादलीत परत ओतला. पाठीवरचा साबण तसाच राहिला होता. तो दिवसभर वाळत, खाजत राहिला. मी तो धुतला नाही.