बाबांच्या कमरेचा कोयता

आमच्या माहेरी वरसातून एक दिवस घरात कोयता, विळी, सुरी कशालाच हात लावत नाय. त्या दिवशी भाजी हातानं मोडायची, नारळ दगडावर फोडायचा. कारन इंग्रजांच्या वेळी सरकारनं रान बंद केलं होतं, तर गावची मानसं मुद्दाम लाकडं तोडायला गेली आनि शिपायांनी गोळ्या घातल्या. माझ्या बाबांचे आजोबा त्यात गेले. गोळी मांडीत लागली, रस्ता नाय, गाडी नाय, रगत थांबेना, संध्याकाळपर्यंत पानी पानी करत गेले. सरकारनं सांगितलं, जमावाकडं हत्यारं होती. हत्यार म्हंजे काय, तर कमरेच्या लाकडी आकडीला लटकवलेला कोयता. लाकडं तोडायला मानूस कोयता नाय नेनार तर काय चमचा नेनार? असं बाबा दरवरसी बोलतात आनि आमी दरवरसी हसतो.

ह्या वरसी नाय हसलो. माझा नवरा पोलिसात हाय, मराठवाड्याचा, आमी द्रोणागिरीला भाड्याच्या रूममधी राहतो. त्या दिवशी गावच्या स्मारकावर पोलीस सलामी देतात, हवेत बार काढतात, आनि ह्या वेळी सलामीच्या तुकडीत हेच होते. बार झाले तशी माझी तान्ही पोरगी इतकी किंचाळली की मी ओढनीनं तिचे कान दाबून धरले.

मग हे वर्दीवरच माझ्या माहेरी जेवायला आले. आत्या वाढता वाढता बोलली, "पावनं, आमच्या आज्याला मारलात नि आता सलामी देता, बरं हाय तुमचं!" सगळे हसले, हे पन हसले. मग घास हातातच धरून बाबांना बोलले, "पण मामा, एक विचारू का? समोर शेकड्यानं माणसं कोयते घेऊन आल्यावर शिपायानं काय करावं? त्याला काय माहीत कोण लाकूड तोडतंय अन् कोण मुंडकं?"

बाबा पानी प्यायले. "इचारायचं," बोलले.

"कुणाला?"

"ज्याच्याकडं कोयता त्याला. बाबा रे, लाकूड तोडतोस का माझी मुंडी, इचारायचं."

"अन् ऑर्डर आल्यावर? तवा विचारत बसलं तर नोकरी जाती मामा."

"आमचा मानूस गेला," बाबा बोलले आनि हात धुवायला उठले.

मला दोघांचं पन पटत होतं, त्याचीच भीती वाटली.

दिवाळीनंतर गोडाऊनच्या रोडसाठी जमिनीची मोजनी लागली, आमच्याच शेतातून. गाव मोजनी अडवनार होतं. सकाळी हे बूट घालता घालता बोलले, "आज तुमच्या गावाला बंदोबस्त हाय." मी विचारलं, बंदूक घेऊन? "मग काय लाटणं घेऊन जाऊ?" असं बोलून हसत गेले.

मी पोरीला पाजत होते आनि एकदम डोक्यात आलं, बाबा सकाळी गवत कापायला जातात ते तसेच मोजनीवर जातील, ती आकडी त्यांच्या कमरेवरून फक्त सलामीच्या त्या एकाच दिवशी उतरते. फोन लावला, उचलेनात. पोरीला काखेत मारून रिक्षा धरली तर रोडवर न्हावा शेव्याच्या ट्रेलरची लाईन लागलेली, रिक्षा हालेना, मी उतरले आनि पळाले, चप्पल तुटली ती तिथंच टाकली, पोरगी रडतेय, मी पळतेय.

बांधाच्या एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला पोलीस. बाबा अगदी पुढं. कमरेला कोयता.

"बाबा, तो कोयता द्या माझ्याकडं!"

"का? माझा हाय."

"बाबा, पाया पडते, द्या."

"गवत कापून आलोय, पोरी. माझ्या शेतात मी माझा कोयता लपवू?" असं बोलले आनि दाखवायला म्हनून काढला. नुसता दाखवायला. "हे बघा साहेब, गवत चिकटलंय अजून."

पलीकडून कोनतरी ओरडलं, "हत्यार! हत्यार काढलं!" आनि बंदुका वर झाल्या. सगळ्या. ह्यांची पन. मी ह्यांच्या डोळ्यांकडं बघत होते, त्यांनी माझ्याकडं बघावं, पोरीकडं बघावं, बाबांच्या तोंडाकडं तरी बघावं. ते कोयत्याकडं बघत होते. तिथं बाबा नव्हतेच जसे, नुसता कोयता होता.

मोठा साहेब "थांबा, थांबा" करत मधी आला. आत्यानं बाबांच्या हातातून कोयता हिसकून लांब फेकला. मोजनी त्या दिवशी राहिली. पुढच्या वेळी जास्त पोलीस आनू बोलले. कधी, ते सांगितलं नाय.

संध्याकाळी हे घरी आले, बूट काढले, पोरीला घ्यायला हात पुढं केले. ती गेली पन, तिला काय कळतंय.

मी विचारलं, "ऑर्डर आली असती तर?"

"तू कशाला आलीस पोरीला घेऊन तिथं? अक्कल हाय का?"

"ऑर्डर आली असती तर?"

हे पोरीच्या केसांवरून हात फिरवत राहिले. मग हळू बोलले, "पायावर मारली असती. मामा हायत म्हणून. वर नसती मारली."

मला बरं वाटावं म्हनून बोलले. बोलून माझ्या तोंडाकडं बघत होते, बरं वाटलं का म्हनून. मांडी म्हंजे पायच ना. मी घेवडा चिरत होते, सुरी खाली ठेवली आनि राहिलेला घेवडा हातानं मोडायला लागले.