बाईंचं गरम कपाट

पारा चहा पिण्याआधी त्यात तापमापक बुडवायचा. तारेच्या टोकाला सळई असलेलं ते यंत्र त्याच्या खिशातच असे. आकडा मनासारखा आला की मगच पहिला घोट. तोवर आमचे कप धुऊनही होत. सिंगापूरच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं राहायचो, आणि मी व सावंत त्याला पाराच म्हणायचो. तुआसच्या एका कारखान्यात तो रंग वाळवायच्या भट्ट्यांचं तापमान सांभाळायचा. त्या कामाचा त्याला इतका माज, की मी वन-नॉर्थच्या ऑफिसात बसून सॉफ्टवेअर लिहितो हा त्याच्या लेखी निव्वळ रिकामटेकडेपणा होता. "अंदाजाने फक्त आमटी करावी," हे त्याचं आवडतं वाक्य. आमटी त्याला अंदाजानेही जमत नव्हती.

घाम आला की त्याला कुणीतरी अपमान केल्यासारखं वाटे. खोलीतला एसी सदा अठरावर, आणि अंगावर पुण्याहून आणलेली रजई. विषुववृत्ताच्या उंबरठ्यावर रजई पांघरून झोपणारा दुसरा महाभाग मी पाहिलेला नाही.

अशा माणसाच्या गळ्यात, देश सोडून निघालेल्या कुणा गोऱ्या साहेबाने आपली पाळलेली अजगराची मादी बांधली. आफ्रिकेतली छोटी जात, हाताएवढी लांब, भ्यायली की चेंडूसारखी गुंडाळून बसणारी. सिंगापुरात घरी साप पाळायला बंदी आहे. सापडलं तर दंड, आणि आमच्यासारख्या नोकरीच्या पासवर राहणाऱ्यांचं इथलं राहणंच धोक्यात. हे मी त्याला समजावलं तर म्हणाला, "अरे, ती चावत नाही." जणू कायदा फक्त चावणाऱ्यांसाठीच केला होता! तिचं नाव त्याने 'बाई' ठेवलं. "बाई आज जेवल्या," असं तो आदराने सांगायचा. बाईंचं जेवण, म्हणजे गोठवलेले उंदीर, फ्रीजरमध्ये आमच्या मटारांच्या मागे असायचे. मी मटार सोडले.

"बाईंना बत्तीस अंश लागतात," एक दिवस त्याने जाहीर केलं. बत्तीस अंश दाराबाहेर फुकट पडले होते.

"एसी बंद कर की," सावंत म्हणाला. "नाहीतर स्वयंपाकघरात ठेव त्यांना."

"वातावरणावर विसंबायचं नसतं, सावंत. वातावरण कुणाच्या बापाचं नसतं."

मग सुट्टीच्या दिवशी आम्ही ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठी सायकली फिरवायचो आणि हा घरात प्लायवूड कापत बसायचा. चार कप्प्यांचं कपाट उभं राहिलं. प्रत्येक कप्प्यात प्लास्टिकचा खण, मागच्या बाजूला तापणारी पट्टी, आणि वर थर्मोस्टॅटचा लाल आकडा. बाई एक आणि खण चार. विचारलं तर म्हणे, "पुढेमागे वाढवता येईल." एकाच खोलीत एका भिंतीवर थंडी आणि दुसऱ्या भिंतीपाशी भट्टी, याला तो इंजिनिअरिंग म्हणायचा. माझी आजी असती तर तिने याला दुसरं नाव दिलं असतं.

थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी तार त्याने खणाच्या पुढच्या टोकाला बसवली, नेमकी एसीच्या झोतात. भट्टीचा नियम तसाच असतो म्हणे: सगळ्यात गार कोपरा मोजायचा, तो तापला की सगळा माल तापला. लोखंडी पत्र्यांना हे चालतं. एकदा मी खणाच्या मागच्या बाजूला हात लावला आणि झटकन काढला.

"अरे, पोळतंय हे!"

"हाताला काय कळतं? आकडा बघ. बत्तीस. बरोबर आहे."

आकडा बरोबरच होता. पुढचं टोक बत्तीसवर आणायला पट्टी मागे अखंड तापत होती, आणि बाई ऊब शोधत मागेच बसायच्या. पोटाखाली चटका बसतोय हे सापाला लवकर उमगत नाही. पाऱ्याला त्याहून उशिरा उमगलं. बाईंनी जेवण सोडलं, आणि उचलून पाहिलं तर पोटावरची कातडी तपकिरी होऊन सोलत होती.

डॉक्टरकडे न्यायची सोय नव्हती. साप घरात आला कसा, हाच कुठल्याही डॉक्टरचा पहिला प्रश्न असणार होता. सावंतची बायको पुढच्याच महिन्यात इथे यायची होती, तो घाबरून म्हणाला, "ईस्ट कोस्टच्या झुडपात सोडून ये आणि मोकळा हो." मलाही ते पटलं.

"पाळलेली आहे ती. तिला शिकार येत नाही," पारा म्हणाला. त्याने एसी बंद केला. दोन दिवस त्या खणाशेजारी घामाने निथळत बसला, आणि तिसऱ्या दिवशी त्याने प्राणी खात्याला स्वतःच फोन लावला. त्याआधी आम्हाला सांगून टाकलं, "तुम्ही ऑफिसला जा. साप माझा, खोली माझी." सावंत गेला. मी का थांबलो कोण जाणे.

अधिकारी दोघं आले. त्यातली एक अगदी तरुण चिनी मुलगी. तिने कपाट वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सर, स्नेक कॅनॉट कीप, यू नो ऑर नॉट?"

"आय नो."

"देन व्हाय यू कॉल अस?"

एरवी चहाच्या तापमानावर तासभर बोलणारा हा माणूस. एवढंच म्हणाला, "शी इज बर्न्ट. आय डिड इट."

तिने बाईंना अलगद पेटीत ठेवलं. हा तरीही मागे मागे. "व्हॉट टेंपरेचर विल यू कीप हर?"

"नॉर्मल टेंपरेचर लाह, सर," ती म्हणाली. "दिस इज सिंगापूर."

पारा पेटीमागोमाग निघाला. लिफ्टने खाली गेला, आणि गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत उन्हात उभा राहिला.

दंड झाला. पुढे पासही गेला आणि तो पुण्याला परतला. बाई जगल्या की नाही, हे त्याला कुणी कळवलं नाही. त्याने मात्र जायच्या दिवसापर्यंत फोन करकरून विचारलं. सावंतच्या बायकोने त्या कपाटात कांदे-बटाटे ठेवले. मराठी मंडळींच्या जेवणावळीत अजूनही हा किस्सा निघतो, 'तो साप भाजणारा मूर्ख' म्हणून सगळे पोट धरून हसतात. मूर्ख तो होताच, हेकट होता, गर्विष्ठ होता. मी त्याला तोंडावर शंभरदा तसं म्हटलंय. पण दुसऱ्या कुणी म्हटलं, की मी ताट तसंच ठेवून उठतो.