फ्लॉपीवरचं उद्घाटन

एमिलियाच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘वेबसाइट डिझायनर’ असं छापलेलं होतं आणि ते वाचून ठाण्यातले लोक तिला टीव्ही दुरुस्त करायला बोलवायचे. ती जायची सुद्धा. चहा घ्यायची, टीव्हीच्या पाठीवर दोन थापा मारायची, आणि उठताना म्हणायची, “टीव्हीचं राहू द्या हो, तुमची वेबसाइट आहे का?”

ही गोष्ट नव्व्याण्णव सालची. त्याआधी पंधरा वर्षं एमिलिया एका कारखान्याच्या ऑफिसात टेलेक्सवर संदेश टाइप करत बसायची. फॅक्स आला, टेलेक्सचं मशीन गोणपाटात गुंडाळून गोदामात गेलं, आणि पाठोपाठ एमिलिया घरी आली. चाळिशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, बोटं मात्र विजेसारखी. खोपटला एसटी डेपोसमोर एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता. तिथे पोराटोरांच्यात बसून ती वेबसाइट बनवायला शिकली. शिकवणारा मास्तर तिला आधी ‘आंटी’ म्हणायचा. महिन्याभरात त्याच्या चुका ती काढायला लागली, तेव्हा ‘मॅडम’ म्हणायला लागला.

खाडीकाठच्या कोळीवाड्यात मच्छीमारांची सोसायटी होती. तिचे चेअरमन गुणाजी तांडेल हे एमिलियाच्या वडिलांचे जुने दोस्त. कुठल्याशा मीटिंगला रायगडकडच्या एका सोसायटीची वेबसाइट आहे असं त्यांच्या कानावर आलं आणि त्यांना जेवण गोड लागेना.

“एमिलिया, आपलीपन पायजे,” ते म्हणाले. “आणि तिच्यात होडी हलली पायजे.”

एमिलियाने होडी हलवली. पंधरा दिवसांत वेबसाइट तयार झाली, इंटरनेटवर चढली, आणि गुणाजींनी लगेच उद्घाटन काढलं. पत्रिका छापल्या, त्यात वेबसाइटचा लांबलचक पत्ता टाकला. प्रमुख पाहुणे डोंबिवलीचे मारुती विनायक आठल्ये. सहकार खात्यातून निवृत्त झालेले, सहकारी संस्थांच्या उपविधींवर तीन पुस्तिका लिहिलेले, आणि त्या तिन्ही पुस्तिका कायम पिशवीत बाळगणारे.

उद्घाटनाच्या दिवशी एमिलिया आपला कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून रिक्षाने घेऊन आली. ऑफिसातल्या फोनची वायर जोडली, तर फोन ठार मेलेला. मांडववाल्याने कमान ठोकताना नेमका टेलिफोनच्या वायरीवर खिळा मारला होता. बाहेर खुर्च्या भरलेल्या, गुणाजींनी नवा सदरा चढवलेला, आणि आठल्येसाहेब रिक्षातून उतरत होते.

फोन नाही म्हणजे इंटरनेट नाही. पण एमिलियाच्या पर्समध्ये अख्खी वेबसाइट होती, एका फ्लॉपीवर. फ्लॉपीवरून उघडली तरी होडी तशीच हलणार होती. फरक एवढाच, की स्क्रीनच्या वरच्या पट्टीत इंटरनेटच्या पत्त्याऐवजी फ्लॉपीचा पत्ता दिसणार. एमिलियाने इकडेतिकडे पाहिलं, पाहुण्यांसाठी आणलेल्या हारांतला झेंडूचा एक हार उचलला आणि मॉनिटरला असा घातला, की ती पट्टी फुलांखाली गेली.

“वा! कॉम्प्युटरची पूजापन केलीस,” गुणाजी गहिवरून म्हणाले.

नारळ फुटला. सेक्रेटरीने पाहुण्यांची ओळख करून दिली, ती बारा मिनिटं चालली. आठल्येसाहेबांनी माउसवर बोट टेकवलं आणि पडद्यावर होडी निघाली. टाळ्या पडल्या. इथे कार्यक्रम संपायला हरकत नव्हती. पण आठल्येसाहेबांनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, “बाई, यात म्हणे सबंध जगाची माहिती असते?”

“असते ना सर.”

“मग माझं नाव काढून दाखवा पाहू.”

मांडवातल्या सगळ्या माना एमिलियाकडे वळल्या. नाही म्हणावं, तर गुणाजींचं नाक कापलं जाणार. एमिलिया गोड हसली. “सर, जग मोठं आहे, शोधायला पाच मिनिटं लागतील. तेवढ्यात चहा घ्या. आणि हे बघा, स्क्रीनवर ऊन येतंय.”

असं म्हणून तिने मॉनिटर भिंतीकडे फिरवला. सेक्रेटरीची बारा मिनिटं तिच्या कानात ताजी होती. टेलेक्सवर तयार झालेली बोटं सुटली. जन्म वाईचा, सेवा छत्तीस वर्षं, पुस्तिका तीन. मराठी अक्षरं घाईत उमटवायची सोय नव्हती, म्हणून सगळं इंग्रजी अक्षरांत. वर नाव लाल रंगात, लुकलुकणारं. आणि हात मोकळा होता म्हणून शेवटी एक ओळ जास्तीची, ‘महाराष्ट्रातील सहकाराचा आधारवड’.

चहाचे कप खाली ठेवायच्या आत मॉनिटर परत लोकांकडे फिरला. आठल्येसाहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. 

“हे... हे कोणी लिहिलं असावं?”

“काय सांगायचं सर? इंटरनेटवर कोणीही काहीही लिहितं,” एमिलिया म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

“उद्या दहा वाजता आमच्या डोंबिवलीतल्या सायबर कॅफेत सौ.ना घेऊन जातो आणि हे दाखवतो,” साहेबांनी जाहीर केलं. “कुठे सापडेल?”

“सोसायटीच्या वेबसाइटवरच सर,” एमिलियाच्या तोंडून निघून गेलं. “पत्ता पत्रिकेवर आहे. ‘प्रमुख पाहुणे’ या शब्दांवर टिचकी मारा.”

पांगापांग झाली. एमिलिया वायरी गुंडाळत होती, तेव्हा जनाबाई तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. बाजारात मासळीची पाटी लावणारी, सोसायटीची सगळ्यात जुनी सभासद.

“काय गो, फोन मेलाय ना?”

“हो मावशी.”

“मंग ह्यो साहेब जगात फिरून आला कुठनं?”

एमिलियाने हातातली वायर उगाच पुन्हा गुंडाळली.

“चाळीस वर्सं बर्फातली मासळी ताजी म्हणून इकली मी,” जनाबाई म्हणाली. “मना नको शिकवू. कोनाला नाय बोलनार. फकस्त माझंपन नाव टाक त्याच्यात. सगुणीच्या आधी!”

सगुणा म्हणजे बाजारात तिच्या शेजारी बसणारी. दोघींचं एकमेकींवाचून पानही हलत नसे आणि पटतही नसे. एमिलियाने मुकाट्याने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दहाच्या आत साहेबांचं पान वर चढवायचं म्हणून, घरून ती इंटरनेट जोडायला बसली. मोडेम कर्कश ओरडायचा आणि गप्प व्हायचा. साडेनऊ उलटले तरी लाइन एंगेज. तेवढ्या वेळात तिने जनाबाईचं पान करून टाकलं. नव्याने कोण मांडणार, म्हणून आठल्येसाहेबांचंच पान घेतलं, मजकूर पुसला आणि जनाबाईचा भरला. पावणेदहाला लाइन लागली. तिने भराभरा सगळं वर चढवलं आणि देवाचे आभार मानत चहा ठेवला.

सव्वादहाला फोन वाजला.

“मी आठल्ये बोलतोय. डोंबिवलीहून.” आवाज फाइलवर शेरा मारल्यासारखा. “माझ्या नावाखाली बोंबील आहेत.”

एमिलियाने तशीच पडद्याकडे धाव घेतली. जनाबाईचं पान सेव्ह करताना तिने फाइलचं नाव बदललं नव्हतं, आणि वरचं लाल नावही तसंच राहिलं होतं. मारुती विनायक आठल्ये, लुकलुकत. खाली: ताजे बोंबील, करंदी, जवळा. सकाळी आठ ते बारा. घासाघीस करू नये.

“सर, मी आत्ता...”

“मी जन्मात मासळीला स्पर्श केलेला नाही, बाई! इथे कॅफेतले चार लोक मला सुरमईचा भाव विचारताहेत!”

पलीकडे झटापटीचा आवाज आला आणि फोनवर एक बाई आल्या. हसून हसून त्यांना दम लागला होता.

“मी विमलाबाई आठल्ये. पान बदलू नका हं इतक्यात. पस्तीस वर्षांत यांच्या नावाखाली पहिल्यांदाच काहीतरी वाचण्यासारखं आलंय.”

एमिलियाने तरी ते अर्ध्या तासात बदललं. वड बोंबलांपासून वेगळा झाला. जनाबाई आपल्या पानावर गेली आणि दुपारी तिच्या खालोखाल सगुणाही आली, कारण सगुणा एमिलियाच्या घरी येऊन बसली होती.

आठ दिवसांनी दारावर टकटक झाली. दारात आठल्येसाहेब, हातात दोनशे पानी कोरी वही.

“माझं पान यापुढे मीच करणार,” ते म्हणाले. “तुमच्यावर विसंबून चालायचं नाही. शिकवा.”

एमिलियाने त्यांना खुर्ची दिली. एवढा माणूस डोंबिवलीहून उन्हातान्हात आलेला पाहून तिला राहवलं नाही. फोन, खिळा, फ्लॉपी, आधारवड, तिने सगळं सांगून टाकलं आणि खाली मान घालून बसली.

 साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, वहीच्या पहिल्या पानावर तारीख टाकली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, “शिक्षिकेने केलेला खुलासा सभेने नोंदवून घेतला. पुढील कार्यवाही नाही.” खाली सही केली आणि वही तिच्यापुढे सरकवली. “तुमचीही सही लागेल.”

एमिलियाने सही केली. साहेबांनी वही मिटली, खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढली आणि माउस उलटा धरून विचारलं, “हं, विषय क्रमांक एक?”