दूध कट्ट्यावरची जळजळ

किस्से कुणी जमवत नाही. चार माणसं रोज एका जागी उभी राहिली आणि त्यातल्या एकाच्या पोटात बिघडलं, की दुधावर साय धरावी तसे ते आपोआप साचतात. आमची जागा म्हणजे दत्तूचा दूध कट्टा. बाहेरगावच्या पावण्यांसाठी सांगतो. आमच्या कोल्हापुरात म्हैस गिऱ्हाइकासमोर आणून बांधतात, तिथंच धार काढतात आणि फेसाळ, कोमट दुधाचा पेला थेट हातात देतात. मिशीला फेस लागल्याशिवाय पेला खाली ठेवायचा नाही, हा रिवाज.

कट्ट्यावर आम्ही चौघं. मी, गाड्यांच्या स्पेअरपार्टचा दुकानदार. इकबालभाई, गाड्यांची सीटकव्हरं शिवणारे. बाबासो, गडमुडशिंगीच्या बाजूला वीटभट्टी असलेला, तरुणपणी तालमीत घुमलेला, दारातून आत येताना जरा तिरका होऊन येणारा गडी. आणि सर्जेराव.

सर्जेराव आता नाही. पण दत्तू अजून सवयीनं चौथा पेला भरतो. मग त्याच्या ध्यानात येतं आणि तो पेला गुपचूप धारेच्या भांड्यात, कासंडीत परत ओततो. तेवढा वेळ आम्ही तिघंही म्हशीच्या शिंगांकडं बघत राहतो.

माझे किस्से फुगलेले असतात, हे कट्ट्याला ठाऊक आहे. खालचे तसे नाहीत. यांच्यावरचा फेस मी फुंकून काढलाय.

*

सर्जेराव गेला त्या सकाळी त्यानं पेला अर्धाच प्यायला. छाती चोळत म्हणाला, "जळाय लागलंय जरा. पित्त आसंल."

आता कोल्हापुरात छातीत जळणं ही काय बातमी आहे का? आदल्या दिवशी तांबडा रस्सा वरपलेला माणूस दुसऱ्या दिवशी जळतोच. आम्ही तिघांनी तीन औषधं सांगितली. इकबालभाईंनी खिशातली बडीशेप दिली. मी आल्याचा तुकडा चघळायला लावला. बाबासोनं शेजारच्या टपरीवरून लिंबूसोडा आणून पाजला. सर्जेरावनं दणदणीत ढेकर दिली, "बघा, उतरलं," म्हणाला आणि गाडीला किक मारून घरी गेला.

दुपारी आम्ही त्याच्या दारात उभे होतो. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

तेव्हापासून कट्ट्यावर कुणी ढेकर दिली, की म्हैससुद्धा रवंथ थांबवते.

*

थोड्या दिवसांनी बाबासोच्या छातीत जळायला लागलं.

हा माणूस पेटत्या भट्टीच्या तोंडाशी उभा राहणारा. नाग दिसला तर त्याला बाजूनं जाऊ देणारा, पण आपण न हलणारा. त्याला भीती एकाच गोष्टीची, ईसीजीच्या मशीनची. मी म्हटलं, काढून घे की एकदा, मनातली धाकधूक जाईल. तर म्हणतो, "मशीनला दिसलं की ते खरं हुतंय."

त्यानं स्वतःचीच परीक्षा काढली होती. घरगुती उपाय करायचा. जळजळ उतरली तर पित्त. नाही उतरली, तर सर्जेराव. होय, त्या दुखण्याला तो सर्जेरावच म्हणायचा. हार्ट हा शब्द त्यानं एकदाही तोंडातून काढला नाही.

इकबालभाई शांतपणे म्हणाले, "बाबासो, सर्जेरावचंबी उतरलतं की."

त्या दिवशी कुणीच दूध संपवलं नाही.

*

पहिला उपाय मोबाईलवर बघितलेला. जळजळ झाली की थंडगार दूध घोट घोट प्यायचं. उपाय तसा जुनाच, अनेकांना बरं वाटतं म्हणे. पण बाबासोनं तो सांगितला कुठं, तर कट्ट्यावर. दत्तू धार काढत बसलेला, मांडीत कासंडी, आणि हा म्हणतो, "दत्तू, मला जरा थंड दे."

दत्तूचा हात थांबला. त्याच्या तीन पिढ्यांत असं कुणी मागितलं नव्हतं.

"म्हशीला फ्रिजात घालू काय?"

सगळा कट्टा हसला. बाबासो हसला नाही. पेला हातात धरून दूध गार व्हायची वाट बघत बसला, आणि दुसरा हात छातीवर. तो हात बघितला आणि आमचंही हसू गार झालं.

*

मग आला आमच्याच गावात सुचेल असा उपाय.

बाबासोचं म्हणणं असं. छाती जाळतो तो तांबडा रस्सा. पांढरा रस्सा पांढरा असतो. दूध पांढरं, ताक पांढरं, शहाळ्यातली मलई पांढरी, सगळं थंड. म्हणजे पांढरा रस्साही थंड.

आम्ही सांगून बघितलं की त्यात मिरी असते, आलं-लसूण असतं, खोबरं असतं, वर मटणाची चरबी असते. तो म्हणाला, "पर तिखाट न्हाय की!"

इकबालभाईंच्या पुतण्याच्या लग्नात त्यानं तांबड्याला हात लावला नाही. सगळे त्याचा संयम बघून चकित. पांढरा मात्र औषध म्हणून प्यायला. वाटीनं सुरुवात केली आणि तांब्यावर गेला. वाढपी आला की हा तांब्या पुढं करायचा आणि म्हणायचा, "डॉक्टरनं सांगितलंय." कुठल्या डॉक्टरनं, कुणास ठाऊक.

हात धुवायला उठला आणि मांडवाच्या खांबाला धरून थांबला. कपाळावर घाम. तोंड पांढऱ्या रश्श्यासारखं. इकबालभाईंनी त्याला खुर्चीत बसवलं, वरची बटणं सोडली. मी गाडी काढायला पळालो आणि किल्ली नेमकी कुठल्या खिशात तेच आठवेना. चाचपता चाचपता स्वतःचाच खिसा फाडला.

परत आलो तर बाबासो बादलीवर वाकलेला. सगळं बाहेर पडलं. मान वर करून त्यानं डोळे पुसले आणि आधी एकच विचारलं, "पित्तच हुतं न्हवं?"

आम्ही दोघांनीही होय म्हणून मान हलवली. दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

*

पुढचा किस्सा मालूवैनींनी सांगितलेला. मालूवैनी म्हणजे बाबासोची बायको. बाबासोला घरात हळू बोलायला लावणारी एकमेव व्यक्ती.

उपाय चांगलाच होता, मोबाईलवरच्या व्हिडिओतला. पलंगाची उशाकडची बाजू विटा लावून उचलायची, म्हणजे पोटातलं आंबट वर घशाशी येत नाही. विटांना काय तोटा? बाबासोनं भट्टीवरच्या निवडून, वाजवून आणल्या. पलंगाला जिकडं नक्षीची फळी होती त्या बाजूला लावल्या आणि दुपारचं जेवून लगेच आडवा झाला. खरं तर जेवल्या जेवल्या आडवं व्हायचं नसतं, पण ते त्या व्हिडिओत पुढं होतं आणि यानं तो तिथवर बघितलाच नव्हता.

थोड्या वेळानं आतून असा आवाज आला, की वैनी हातातलं पीठ तसंच घेऊन पळाल्या. बाबासो घसा धरून खाली बसलेला. डोळ्यांत पाणी. "मालू, आलं गं. सर्जेराव आलं."

वैनींनी आधी त्याच्याकडं बघितलं. मग पलंगाकडं.

त्या घरात नक्षीची फळी उत्तरेच्या भिंतीला. उत्तरेला डोकं करून जिवंत माणूस झोपत नाही, म्हणून बाबासो लग्नापासून उलट्या बाजूला डोकं करून झोपतो. आजही तसाच झोपला होता. डोकं खाली, पाय विटांवर!

"मरायला भिऊन उत्तरंला डोकं केलं न्हाय," वैनी म्हणाल्या, "आन् त्यापायीच मरत हुतासा."

त्यांनी पलंग फिरवून घेतला. मग डाव्या कुशीवर झोपा म्हणाल्या, त्यानंही आराम पडतो म्हणून. तर हा तयार होईना. काळीज डावीकडं असतं, माझ्या वजनाखाली चेंगरलं तर? वैनी कट्ट्यावर येऊन हे सांगताना हसत होत्या. हसता हसता पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाल्या, "भावजी, त्यास्नी एकदा मशीनखाली घाला. माझं ऐकत न्हाईत."

*

मधल्या काळात काही उपाय लागूही पडले, ते सांगायला हवं. रात्रीचं जेवण दिवेलागणीला. चहा एकच. जिऱ्याचं पाणी. घास सावकाश चावणं. मालूवैनींनी कांदा-लसूण चटणीची बरणी माहेरी पाठवली, हा तर संस्थान खालसा झाल्यासारखा प्रसंग. जळजळ कमी झाली, पण गेली नाही. भीती तर तसूभरही हलली नाही.

पोट उतरवायला म्हणून आम्ही तिघं रविवारी सकाळी पन्हाळ्याला चालायला जाऊ लागलो. बाबासो दर वळणावर स्वतःची नाडी धरायचा. इकबालभाई त्याच्या तोंडाकडं बघत चालायचे. माझ्याकडं करमणुकीचं खातं. चढ लागला, की मी थांबायचो, कठड्याला टेकायचो आणि एखादा किस्सा सुरू करायचो.

"चालत चालत सांग की मर्दा," बाबासो म्हणायचा.

"चालत सांगितला की रंग जातो," मी म्हणायचो.

त्या चढावर माझे फार किस्से झाले. पूर्वी एवढे होत नव्हते.

*

बाबासोला मशीनखाली घालायचं काम शेवटी इकबालभाईंनीच केलं. एका सकाळी कट्ट्यावर दत्तूनं चौथा पेला भरला, नेहमीसारखा. तो कासंडीत परत जायच्या आत इकबालभाईंनी उचलला आणि बाबासोच्या हातात दिला.

"ह्यो तुमचा व्हायच्या आत चला."

बाबासोनं पेला तसाच खाली ठेवला. मिशीला फेस न लागता.

दवाखान्यात मात्र पलंग बघून तो दारातच अडला. डॉक्टरीणबाई चांगल्या, आवाज मऊ. पण तो हलेना. माझ्याकडं बोट करून म्हणाला, "आदी ह्यो झोपंल. ह्येला काय झालं न्हाय, तर मी झोपतो."

मी हसतच शर्ट काढला. त्या गार चकत्या छातीला लागल्यावर गुदगुल्या होतात असं सांगून सिस्टरलाही हसवलं. मशीन कुरकुरलं, कागद बाहेर आला. बाईंनी तो बघितला, परत बघितला आणि टेबलावर पालथा ठेवला. "तुम्ही जरा पडून राहा," म्हणाल्या.

बाबासो शेजारच्या पलंगावर आडवा झाला. डोळे घट्ट मिटलेले, ओठ काहीतरी पुटपुटत होते. इकबालभाईंचेही. कागद बाहेर आला. बाईंनी पोट दाबून बघितलं, खाण्यापिण्याचं, झोपायचं सगळं विचारून घेतलं, आणि म्हणाल्या, "हे तुमचं पित्तच दिसतंय. जेवण लवकर, तिखट कमी, पोट कमी करा. आणि डाव्या कुशीवर झोपा, काही चेंगरत नाही."

बाबासो उठून बसला आणि एखाद्या पोरासारखा रडला. इकबालभाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. मी पडल्या पडल्या टाळ्या वाजवल्या.

मग बाईंनी माझा पालथा कागद सुलटा केला.

"तुम्हाला चढ चढताना थांबावं लागतं का?"

"थांबतो की," मी म्हणालो. "पण किस्सा सांगायला."

कुणीच हसलं नाही. इकबालभाई माझ्याकडं बघत होते, पन्हाळ्याच्या चढावर बाबासोकडं बघायचे तसे. बाईंनी सिस्टरला हळू आवाजात काहीतरी सांगितलं, सिस्टरनं फोन उचलला. मी उठायला गेलो तर बाई म्हणाल्या, "उठू नका."

बाबासो आपल्या पलंगावरून उतरला, माझ्याजवळ आला. त्यानं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. भट्टीवरचे त्याचे हात, एरवी कायम गरम. आज गार पडले होते.

"भिऊ नगंस मर्दा," तो म्हणाला. "पित्त आसंल."