बाकाखालची काठी

कॉलेजच्या वाचनालयामागं पूर्वी नुसतं रान माजलेलं. इथं शिकताना मी स्वतःला मोठी शूर समजायची, आणि तिथून जाताना मैत्रिणीला पुढं घालायची! आता माळ्यानं ते साफ करून कडुलिंबाखाली बाकं मांडलीत, माठ ठेवलाय. नातीची वाट बघत मी तिथंच बसते. कुणी बसायच्या आधी तो बाकाखाली काठी आपटतो, "सरका पावणं," म्हणतो. मला हसू यायचं.

काल मी बसल्यावर तो हळूच म्हणाला, "आजी, पाय हलवू नगासा."

चपलेला घासून नाग सावकाश गेला. माळ्यानं काठी उचललीसुद्धा नाही.

"जनावराचं घर मोडलंय की आपण. बघाया येतंय त्ये."

आज पुन्हा गेले. काठी दोनदा आपटायला लावली, तरी पाय बाकावर घेऊनच बसले.