मीटरच्या पुढचं सगळं तुमचं

जुन्या घरांची वायरिंग तपासणं आणि बदलणं हा माझा धंदा. शुक्रवार पेठेत छोटं दुकान आहे, सरकारी परवाना आहे आणि सिद्धाराम नावाचा वायरमन सोबतीला आहे. तो वैतागला की कानडीत बोलतो आणि फारच वैतागला की बोलणं बंद करतो. हल्ली तो बराच गप्प असतो.

मित्र विचारतात, अण्णा, तुमच्या कामात सांगण्यासारखं असतं तरी काय? वायर काढायची, वायर घालायची. अहो, वायरीचं काहीच नसतं. वायर बिचारी नेऊ तिकडं जाते. किस्से घडतात ते घरमालकांमुळं. एकाचा किस्सा सांगून होईपर्यंत दुसरा फोनवर असतो आणि सुरुवातच अशी करतो, ‘तसा काही प्रॉब्लेम नाही, पण एकदा येऊन जा.’

•

मोजणी खात्यातनं रिटायर झालेले एक आप्पा आहेत. घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं, वायरिंगही तेव्हाचीच, लाकडी पट्टीच्या आतली. सिद्धारामनं एका ठिकाणी पट्टी उघडून वायरीला नुसतं बोट लावलं तर वरचं रबर भुगा होऊन खाली पडलं. आत तांबं उघडं.

मी म्हटलं, आप्पा, हे सगळं बदलायला लागणार. आप्पा शांतपणे म्हणाले की त्याचीच तर ते वाट बघतायत. वीज कंपनीची माणसं अजून आलीच नाहीत. दरवर्षी उन्हाळ्यात येतील म्हणून ते गावालासुद्धा जात नव्हते म्हणे.

मी त्यांना समजावलं. खांबापासून मीटरपर्यंतचं काम कंपनीचं. मीटरच्या पुढची वायर, बोर्ड, अर्थिंग, सगळं घरमालकाचं. ते चांगलं ठेवायची जबाबदारीही घरमालकाची. कुणी येणार नाही.

आप्पांनी पुन्हा विचारलं, “म्हणजे मीटर ही हद्द?”

मी म्हटलं, हो, हद्दच म्हणा.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या हद्दी मोजलेला माणूस. उठून दारातल्या मीटरपाशी गेले, तिथनं घरात आतपर्यंत नजर टाकली आणि परत येऊन बसले.

“मग असं करा, मीटर उचलून मागं न्हाणीत बसवा. म्हणजे सगळं घर त्यांच्या हद्दीत.”

•

चन्नप्पा शेठ चादरींचे व्यापारी. त्यांच्या घरात आम्ही नवीन बोर्ड बसवला आणि त्यात ईएलसीबी टाकला. कुठं करंट गळायला लागला, कुणाला शॉक बसायला लागला, की हे बटण स्वतःहून पडतं आणि घराची लाइट तोडतं. माणूस वाचतो. एवढं सगळं मी शेठना बसवतानाच सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. बटण पडलंय. आम्ही गेलो, उचललं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, नेमकं आंघोळीच्या वेळेला. सिद्धारामनं गीझर उघडला. आतलं कॉइल फुटलेलं होतं आणि करंट सरळ पाण्यात उतरत होता. मी शेठना म्हटलं, देवाची कृपा समजा, बटणानं तुम्हाला वाचवलं, आता गीझर बदला.

आठवड्यानं सहज चौकशीला गेलो तर गीझर तोच, आणि ईएलसीबी कुणाकडनं तरी काढून सरळ वायर जोडून घेतलेली. मी डोक्याला हात लावला. शेठ मलाच समजावायला लागले. माल चांगला नव्हता, रोज घर बंद पाडायचा, सुना-मुलांची गैरसोय व्हायची.

मी विचारलं, अहो, पण आंघोळीला शॉक बसत नाही का?

“बसतो की,” शेठ म्हणाले. “पण लाइट जात नाही.”

त्या दिवशी मी जागेवरनं हललो नाही. गीझर उतरवून अंगणात नेऊन ठेवला, ईएलसीबी परत बसवला आणि मगच बाहेर पडलो. शेठ अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

•

सगळेच असे नसतात. एक मॅडम बँकेतनं रिटायर झालेल्या, एकट्या राहतात. त्यांनी दारातच माझा परवाना मागितला. मग सिद्धारामचा. कुठली वायर घालणार, कुठल्या खोलीचं बटण कुठलं, सगळं विचारून घेतलं. काम चाललेलं असताना खुर्ची टाकून समोर बसल्या. शेवटी म्हणाल्या, सगळं टेस्ट करून मला दाखवा, तो माझा हक्क आहे.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. खरंच त्यांचा हक्क होता, आणि एवढ्या वर्षांत तो मागणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होतो. पुढं जाईन तिथं मी त्यांचं उदाहरण द्यायला लागलो. घरमालक असावा तर असा.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला, एका प्लगमधनं जळका वास येतोय. गेलो. नव्या कोऱ्या सॉकेटमध्ये इस्त्रीच्या दोन उघड्या वायरी घातलेल्या, आणि त्या निसटू नयेत म्हणून आगपेटीच्या दोन काड्या खोचलेल्या. गुल असलेल्या काड्या.

मी काड्यांकडं बोट केलं. मॅडम जरा ओशाळल्या. इस्त्रीची पिन तुटली होती आणि दुकान बंद होतं, असं म्हणाल्या. मग त्यांचा बँकेतला आवाज परत आला.

“पण वायरिंग तुम्ही चांगली केली आहे हां. मी सगळ्यांना सांगते.”

•

अनिताताईंचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्या दवाखान्यात नर्स, नवरा बाहेरगावी नोकरीला, घरात दोन लहान मुली. भाड्याचं घर. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की भिंत झिणझिणायची. एकदा धाकटी झोपेत भिंतीकडं सरकली आणि किंचाळत उठली. तेव्हा ताई माझ्याकडं आल्या.

घरमालक वैरागचे, तिथल्या बाजारात भुसाराचा व्यापार. ताईंनी त्यांना फोन बरेच केले होते. पहिल्यांदा ते म्हणाले, आधीच्या भाडेकरूंनी कधी तक्रार केली नाही. नंतर म्हणाले, ओल्या भिंतीला हात लावायचं कामच काय? शेवटी म्हणाले, एवढी भीती वाटत असेल तर तुम्हीच करून घ्या, माझी हरकत नाही.

ताईंनी मला एवढंच विचारलं, ह्यात माझं काय आणि त्यांचं काय? मी सांगितलं. तुमचा पंखा, तुमची इस्त्री ही तुमची. भिंतीतली वायर, बोर्ड आणि अर्थिंग मालकाचं. धोका आहे हे कळल्यावर दुरुस्त करून मागायचा तुम्हाला हक्क आहे, आणि त्यांनी ऐकलं नाही तर विद्युत निरीक्षकांच्या ऑफिसात तक्रार करता येते. ताईंनी मालकाला फोन लावला आणि आवाज न चढवता हे सगळं जसंच्या तसं सांगितलं.

मालक दुसऱ्याच दिवशी आले, तणतणत. बाहेर पाऊस होता. भिंतीत करंट किती उतरतो ते बघायला आम्ही टेस्टिंगचा मीटर लावून बसलो होतो. दारात भिजलेल्या चपला काढून ते तसेच ओल्या पायांनी आत आले. कुठं येतो करंट, दाखवा मला, नसते उद्योग लावलेत. बोलता बोलता त्यांनी हात उचलला. ताई “अहो, नका” म्हणेपर्यंत तळवा भिंतीवर टेकलासुद्धा.

सिद्धारामनं झेप घेऊन मेन स्विच पाडला. मालकांचा हात झटक्यानं मागं आला आणि ते कॉटवर बसले. ताईंनी त्यांची नाडी बघितली, पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर ते आपल्या तळव्याकडं बघत बसले.

मग त्यांनी विचारलं, “पोरी कुठं झोपतात?”

“आधी ह्या भिंतीला झोपायच्या,” ताई म्हणाल्या. “आता मधे झोपवते.”

काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं. सगळं घर नव्यानं झालं, मालक स्वतः येऊन बघून गेले. जाताना मला दाराबाहेर घेऊन हळूच म्हणाले, “अण्णा, वैरागला कधी येता? आमची आई दिवसभर भिंतीला टेकून बसती.”

•

आता एकच सांगतो. एसटीतनं रिटायर झालेले एक कंडक्टर काका. त्यांच्या मुलानं वॉशिंग मशीन आणलं, पण ते जोडायला आलेल्या माणसानं घरात अर्थिंगच नाही म्हणून हात लावायला नकार दिला. म्हणून आम्हाला बोलावणं. मी म्हटलं, आलोच आहे तर सगळं घर तपासतो. काका म्हणाले, मशीन आणि फ्रिजचं तेवढं करा, बाकी घरात काही नाही.

स्वयंपाकघरात फ्रिजसमोर रबरी चपलांचा एक जोड ठेवलेला होता. काकू आम्हाला ताक द्यायला आल्या. पायात चपला सरकवल्या, फ्रिज उघडला, ताक काढलं, फ्रिज लावला आणि चपला काढून पुन्हा जागेवर ठेवल्या. जरा वेळानं काका पाण्याची बाटली घ्यायला आले. तसंच केलं.

सिद्धारामनं उठून फ्रिजच्या दाराला टेस्टर लावला. लखलखीत पेटला.

काकूंना विचारलं तर म्हणाल्या, पहिल्यापासनंच जरा धरतं हो, चपला घातल्या की काही होत नाही. मीठ कमी झालंय म्हणावं तसं म्हणाल्या.

आम्ही अंगणात खड्डा घेऊन अर्थिंग केलं, फ्रिजपर्यंत नवी लाइन ओढली. काम झाल्यावर मी सगळ्यांसमोर अनवाणी फ्रिज उघडून दाखवला आणि सांगितलं, आता चपलांची गरज नाही. काकूंनी तो जोड उचलून दाराबाहेर नेऊन ठेवला.

त्यांची सून मोडनिंबची, लग्न होऊन वर्ष झालं असेल नसेल. मोठ्यांपुढं दिवसभर एक शब्द बोलली नव्हती. ओट्यापाशी उभी राहून ती बाहेर गेलेल्या चपलांकडं बघत होती.

“म्हंजी ती तुमच्यातली पद्धत न्हवती व्हय?”

काकू म्हणाल्या, पद्धत कसली? सून म्हणाली, तिला वाटलं सोवळ्यासारखं काहीतरी असेल. लग्नापासनं न चुकता पाळत होती बिचारी. माहेरी जाऊन आईलाही सांगितलं होतं, सासरी फ्रिजचं लई कडक हाय म्हणून.

सगळे खूप हसले. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पिशवी बंद करता करता सिद्धारामही हसला, कितीतरी दिवसांनी.

सून काही हसत नव्हती. तिनं पदराला हात पुसले आणि सासूला विचारलं, “मग देवघरातलं बटण लाटण्यानंच दाबायचं, ती पण पद्धत न्हाय?”

काकूंनी काकांकडं बघितलं. सिद्धारामनं पिशवी परत उघडली.