गोळ खायच्या आधी

देवीलाल राठोडचं बूड कधी एका जागी टेकलं नाही. तांड्यातले म्हातारे म्हणत, याच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूख तुडवला, ते पाय याला लागले. आर्णीहून माहूरकडे जाताना, धनोड्याच्या अलीकडे, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर त्याचा तांडा. गाडीचं लायसन काढणारा तिथला पहिला माणूस तोच. आता पंधरा वर्षं झाली, यवतमाळच्या घरांना तो देव दाखवत हिंडत होता. कळंबचा चिंतामणी, माहूरची तिन्ही शिखरं, वाटेतलं सागाचं जंगल, घाटातल्या कोणत्या वळणावर गाडी थांबवली की पैनगंगा सगळी दिसते, हे त्याला पाठ होतं.

त्याचा एक नेम होता. आपली रड गाडीत आणायची नाही. माणसं देवाला निघालेली असतात. शिवाय गेल्या दोन-तीन वर्षांत गाडीत बसणारा बाहेरगावचा प्रत्येक जण यवतमाळचं नाव काढलं की आवाज खाली आणून शेतांबद्दल विचारायचा. देवीलाल सांगून सांगून कंटाळला होता. म्हणून तो आपण होऊन काहीच सांगत नसे.

दोन हजार सहाच्या जानेवारीतला तो रविवार. गाडीत कलेक्टर कचेरीतून रिटायर झालेले अनंतकाका, त्यांच्या शेजारी कुंदाकाकू, मागे त्यांचा साकेत आणि त्याची नवी बायको प्राची. लग्नानंतर जोडीनं कुलदेवतेला जायचं होतं. कळंबला पायऱ्या उतरून चिंतामणी झाला, आर्णीत चहा झाला, आणि दहाच्या सुमारास तांड्याचा फाटा आला, तिथे देवीलालचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, घरापुढे सतरंज्या अंथरल्या होत्या. दिवसाढवळ्या.

रस्त्याच्या कडेला त्याचा थोरला भाऊ धनसिंग उभाच होता. त्यानं खिडकीवर हात टेकला.

"पाव्हणे दुपारीच येऊन राह्यले," तो म्हणाला. "गोळ दुपारीच खाऊ."

"भिया, रातच्याले ठरलं होतं ना?"

"रातच्याले कायले? वेचणीवरून लोकं घरी येत, म्हून बैठक दिवस मावळल्यावर बसे. औंदा वेचणी कुठी हाय? कापसावर लाल्या पडला. सारा तांडा दिवसभर बसूनच हाय. अन् पोराले उद्या पुण्याले जायचं हाय."

देवीलालचं गणित इथेच चुकलं होतं. बैठक रात्रीच असते, हे त्यानं जन्मापासून पाहिलं होतं. म्हणून त्यानं कुंदाकाकूंना रविवार देऊन टाकला होता. पाच वाजता मोकळा, सहाला तांड्यात.

"मी आल्याबिगर खाऊ नोको," तो हळूच म्हणाला.

"ये ना मंग लवकर."

"काय झालं रे देवीलाल?" काकूंनी विचारलं.

"काही नाही काकू. भाऊ होय माहा. रामराम करून राह्यला."

गोळ म्हणजे गूळच. पण सगाईच्या बैठकीत नायकानं तो फोडला आणि पोरीच्या बापानं तोंडात टाकला, की शब्द गेला. मग तो परत येत नाही. बाप आवाक्यात नसला तर बापाचा भाऊ खातो, तरी तो शब्द बापाचाच.

आणि देवीलालनं आठ दिवसांआधीच दुसरा शब्द देऊन ठेवला होता, आपल्या लेकीला, राखीला. ती यवतमाळला डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होती. पोरगा वाईट नाही, असं तीच म्हणाली होती. पण पाव्हण्यांना लग्न याच उन्हाळ्यात पाहिजे होतं, आणि सून लगेच पुण्याला. "बा, मले दीड वर्ष दे," ती म्हणाली होती. "बैठकीत तू सांग. मी बोलली त कोणी ऐकणार नाही." देवीलाल म्हणाला होता, सांगतो.

रेणुकेच्या पायऱ्या चढायला अनंतकाकांना पाऊण तास लागला. ओटी भरली, कुटलेल्या विड्याचा प्रसाद झाला. देवीलाल खाली गाडीच्या काचा पुसत होता. पुढची पुसली, मागची पुसली, मग पुढची पुन्हा. नारळवाला म्हणाला, "ओ ड्रायव्हर, काच झिजन ना."

मंडळी खाली आली तर साकेतला किल्ला पाहायचा होता.

"किल्ल्यावर काहीच नाही साहेब," देवीलाल म्हणाला. "दगडं हायत नुसते."

"मागल्या वर्षी माझ्या बहिणीला तूच दोन तास दाखवलास की," काकू म्हणाल्या. "ती अजून सांगते, देवीलालसारखा किल्ला कोणी दाखवत नाही."

त्यानं किल्ला दाखवला. पण असा दाखवला, की बुरूज सांगताना त्याचं बोट बुरुजाकडे आणि डोळे सूर्याकडे. प्राचीला खालच्या तळ्याचा फोटो हवा होता, मग तळ्यासकट दोघांचा, मग सगळ्यांचा. "देवीलालदादा, तुम्ही पण या ना." तो फोटोत उभा राहिला. त्या फोटोत त्याचा एक पाय पुढे पडलेला आहे, निघाल्यासारखा.

दत्तशिखरावर गाडी लागली तेव्हा तीन वाजून गेले होते. मंडळी आत गेली आणि देवीलालच्या खिशातला फोन वाजला. दिवसभर डोंगरात मेला होता तो, इथे भिंतीच्या कोपऱ्यात जिवंत झाला.

"बा, मी राखी. फुलचंदकाकाच्या दुकानातला मोबाइल हाय. बैठक बसली. भियाकाका म्हंते, बाप गावाबाहेर हाय त मीच खातो."

तो दोन पावलं चालला आणि आवाज तुटला. दोन पावलं मागे आला, आवाज आला. मग त्यानं पाय जमिनीत रोवले.

"फोन घेऊन बैठकीत जाय. नायकाच्या हातात दे."

"बैठकीत? मी?"

"तू. जाय."

फोनमध्ये चपलांचा आवाज आला, कुत्रं भुंकलं, माणसांचा गलका जवळ आला. मग सेवादास नायकाचा घोगरा आवाज.

"कोन?"

"नायक, देवीलाल बोलतो. गोळ फोडू नका."

"तू गावाबाहेर हाय ना?"

"बाप आवाक्यात नसला तर भाऊ खातो. मी आवाक्यात हाय. बोलून राह्यलो ना तुमच्यासंग."

पलीकडे कोणीतरी हसलं. धनसिंग ओरडला, "फोनवर कोनी बाप होते का?"

"थांब रे," नायक म्हणाला. "असा सवाल कधी आलाच नव्हता. देवीलाल, फोन बंद करू नोको. पाव्हण्यायले इचारतो."

आणि देवीलाल उभा राहिला. समोर डोंगरामागे डोंगर होते, त्यात धूर चढावा तसं जंगल. वारा होता. पंधरा वर्षांत या जागी तो एवढा वेळ कधी उभा राहिला नव्हता. मंडळी दर्शन करून आली. साकेतनं खुणेनं विचारलं, निघायचं? देवीलालनं तळहात दाखवला. अनंतकाका गाडीत बसले. काकू गाडीभोवती फेऱ्या मारू लागल्या.

"अरे अनसूयामाता राहिली. किती वेळ तो?"

तो हलला नाही. शेवटी कानात नायक बोलला.

"पाव्हणे थांबतेत. दिवस कासराभर राहीपर्यंत. त्याच्यापुढे तुह्या भावानं खाल्लेला गोळ तुहा."

फोन खिशात टाकून तो गाडीपाशी आला आणि त्यानं पंधरा वर्षांचा नेम मोडला. सगळं सांगितलं. सांगताना किल्ली बोटात फिरवत राहिला.

काकू एकदम तडकल्या. "सकाळी तोंड शिवलं होतं का? रामराम करून राह्यला म्हणे. मी त्या तळ्यापाशी अर्धा तास पदर सारखा करत होते."

"तुमची अनसूया राहीन ना, काकू."

"राहील तर राहील. पुन्हा आणशील. बस आता."

घाट उतरताना त्यानं एकाही वळणावर गाडी थांबवली नाही. पैनगंगेचा पूल गेला, धनोडा गेलं. तांड्यात गाडी शिरली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. सतरंजीवर गुळाची ढेप तशीच कागदावर होती, मुंग्या लागू नयेत म्हणून कोणी भोवती पाण्याची धार धरली होती.

देवीलाल बसला नाही. उभ्यानंच पोराच्या बापाला हात जोडले.

"पाव्हणे, पोरगं मले पसंत हाय. पोरीलेही. दीड वर्षानं ते मास्तरीण होते. तवर थांबता त आत्ता गोळ खातो, पयला घास माहा."

"दीड वर्ष कायले?" पोराचा बाप शांतपणे म्हणाला. "पुण्यात पोरगं एकटं हाय. खोलीत सयपाक कोन करीन?"

"त्यानं शिकावं."

बायकांच्या घोळक्यात कोणीतरी फसकन हसलं. धनसिंगनं मान खाली घातली. पोरगा बादल मागे बसला होता, तो उठायला गेला, पण बापाकडे पाहून पुन्हा बसला.

"नाही जमणार," बाप म्हणाला आणि उठला. "राग नाही. पण नाही जमणार."

नायकानं ढेप कागदात बांधून पाव्हण्यांच्या हातात परत दिली. न फोडलेला गोळ आणणाऱ्यासोबतच जातो. त्यांची जीप फाट्यावरून वळली.

मग धनसिंग जवळ आला. "पोरीले बैठकीत पाठवलं. फोन घेऊन. आता तिचं काय ते तूच पाय. माह्या तोंडून तिच्यासाठी एक सोयरा निघणार नाही."

"भिया..."

"नाही म्हनलं ना."

तो आपल्या घरात गेला आणि त्यानं दार लोटून घेतलं. ते घर आणि देवीलालचं घर यांना मधली भिंत एकच.

राखी पिशवी घेऊन आली. उद्या सकाळी कॉलेज होतं, आणि गाडी यवतमाळलाच जायची होती. कुंदाकाकू सीटवर सरकल्या, त्यांनी तिला जागा करून दिली आणि विचारलं, "जेवलीस का गं?"

"नाही."

काकूंनी डबा उघडला. देवीलालनं गाडी सुरू केली, फाट्यापर्यंत आणली आणि पुन्हा थांबवली. उतरून तो तांड्याकडे पाहत उभा राहिला. धनसिंगचं दार लोटलेलंच होतं.

"बा, जाऊन बोलून ये," राखी खिडकीतून म्हणाली.

"आज नाही उघडणार थो."

"मंग?"

"उद्या येतो. परवा येतो," देवीलाल म्हणाला आणि गाडीत चढला. "उघडेपर्यंत येतो."